देऊळ फिरते काय?

औंढ्याच्या नागनाथाविषयी एक आख्यायिका मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. नामदेव महाराज देवळापुढे कीर्तनास उभे राहिले; पूजाअर्चेस व्यत्यय येतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांस तेथून उठविले; ते निमूटपणे देवळाच्या पाठीमागे गेले व तेथे त्यांनी पुन्हा कीर्तन मांडले; आणि मग देऊळच फिरले व त्याचे तोंड नामदेवांकडे झाले. दगडाचे देऊळ फिरते की नाही, हा वाद उकरून काढण्याचे आम्हांस येथे प्रयोजन नाही. ज्या लोकांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांची कलेविषयीची अपेक्षा काय होती, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. कीर्तन ऐकून देऊळ डोलले, कळस हालला, आपोआप घंटा वाजू लागल्या, असे काही सांगूनही चमत्काराची हौस भागली असती. परंतु लोकमानसाला तेवढ्याने समाधान झाले नाही. ऐकणाऱ्याने मान डोलविणे निराळे व ऐकणाऱ्याने आपली जागा बदलणे निराळे, हा भेद त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या लोकांस पुरता कळला होता.

ही कथा आज आठवण्यास कारण आहे. गेल्या साठसत्तर वर्षांत माध्यमांची एक नवी जात जगात वाढीस लागली आहे. ग्रंथ, बोलपट, नभोवाणी ही माध्यमे बोलत आणि आपण ऐकत असू. नवी माध्यमे आपणांस विचारतात, आपल्या उत्तराची वाट पाहतात, आणि त्या उत्तरावरून पुढचे पाऊल टाकतात. इंग्रजीत ज्यांस ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतात ती हीच. कला, विज्ञान व करमणूक या तिन्ही प्रांतांत त्यांचा संचार एकाच वेळी झाला असून, आमच्या हिंगोलीच्या आठवडी बाजारात उभ्या असलेल्या पोराच्या मुठीतही ती जाऊन बसली आहेत. त्यांचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत व त्यांच्या नावाने बोटे मोडणारेही पुष्कळ आहेत. त्यांची परीक्षा करणारे मात्र थोडे. ती परीक्षा, यथामति का होईना, करावी असा आमचा विचार आहे.

प्रथम नावाचा विचार करू. मराठीत या माध्यमांस ‘संवादी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. आपल्या संगीतशास्त्रात ‘संवादी’ हा शब्द पूर्वीपासून आहे. यमनात गंधार वादी व निषाद संवादी. निषाद हा काही गंधाराची नक्कल नव्हे. तो त्याच्यापासून दूर उभा राहून त्यास उत्तर देतो, व त्या उत्तरामुळे गंधाराचे स्वरूप अधिक उजळते. दोन स्वर एकच असतील तर संवाद नाही, आणि एकमेकांशी काही नातेच नसेल तरीही संवाद नाही. हे नाव या माध्यमांनी घेतले आहे खरे. ते त्यांस कितपत शोभते, हे पाहिले पाहिजे.

या माध्यमाचा एक उगम प्रयोगशाळेत सापडतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने पाहुण्यांसाठी एक खेळ रचला. त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. प्रयोगशाळा पाहण्यास येणारे लोक मांडलेली यंत्रे व तक्ते बघून कंटाळतात, असे त्याच्या ध्यानात आले होते. म्हणून त्याने विद्युत्तरंग दाखविणाऱ्या यंत्राच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा चेंडू उसळविला व लोकांच्या हाती कळा दिल्या. लोकांनी रांगा लावल्या. येथे विज्ञान कोठे संपते व करमणूक कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. परंतु एवढे दिसते की, नुसते पाहणाऱ्याचे मन उडते आणि ज्याच्या हाती काही दिले त्याचे मन गुंतते. या एका अनुभवावर पुढील सारी इमारत उभी राहिली.

कलेच्या प्रांतात या इमारतीस पहिला तडा कोठे गेला, तेही पाहण्यासारखे आहे. १९६७ साली माँट्रियल येथील जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या मंडपात ‘किनोआऊटोमाट’ नावाचा प्रयोग झाला. रादूझ चिंचेरा हा त्याचा योजक. चित्रपट मध्येच थांबे, सूत्रधार रंगमंचावर येई, आणि आता नायकाने काय करावे असे प्रेक्षकांस विचारी. प्रत्येक खुर्चीपाशी एक हिरवी व एक लाल कळ असे; बहुमत पडेल त्याप्रमाणे कथा पुढे चाले. प्रेक्षक हरखून गेले. परंतु त्यातील मर्म असे की, प्रेक्षकांनी कोणतीही कळ दाबली तरी वाटा थोड्याच अंतरावर पुन्हा एक होत, आणि शेवटी इमारतीस आग ही लागायचीच. यात योजकाची लबाडी होती असे नव्हे. गणिताचीच तशी सक्ती होती. दहा प्रश्नांस दोन-दोन उत्तरे धरून प्रत्येक वाट स्वतंत्र ठेवावयाची म्हटले, तर १०२४ निरनिराळे शेवट चित्रित करावे लागतील. तेवढा पैसा व तेवढे आयुष्य कोणापाशी आहे? म्हणून फाटे फोडावयाचे व ते गुपचूप पुन्हा मूळ वाटेस आणून मिळवावयाचे, हाच या कलेचा आजपर्यंतचा मुख्य कारागिरीचा भाग राहिला आहे. आमच्या खेड्यांतून रात्री चुकलेल्या वाटसरूस चकवा लागतो असे म्हणतात. तो चालतो पुष्कळ, आणि उजाडता पाहतो तो आपण त्याच बाभळीखाली उभे आहोत! हाही एक चकवाच होय. भेद इतकाच की, येथे वाटसरूने तिकीट काढलेले असते.

अर्धशतकानंतर, २०१८ साली, नेटफ्लिक्स कंपनीने ‘बॅन्डरस्नॅच’ नावाचा असाच एक चित्रपट घरोघर पोहोचविला. त्यात सकाळच्या न्याहारीस कोणते खाद्य घ्यावे येथपासून निवडी सुरू होतात. त्याचा नायक संगणकाचे खेळ रचणारा एक तरुण आहे, आणि आपल्या हातून घडते आहे ते आपण करीत नसून दुसराच कोणी करवीत आहे, असा संशय त्यास हळूहळू खाऊ लागतो. तो दुसरा म्हणजे अर्थातच पाहणारा. ही कल्पना निःसंशय चतुर आहे, आणि कृतीच्या मर्यादेलाच कृतीचा विषय करण्याचा प्रामाणिकपणा तीत आहे. तथापि दोन-तीन वेळा मागे जाऊन निराळ्या वाटा चोखाळल्यावर आम्हांस असे वाटू लागले की, नायकाप्रमाणे आपणही कोणाच्या तरी आखलेल्या रेषांवरूनच बोट फिरवीत आहो. कर्त्याने आपणांस काही विचारले खरे. पण आपण जे उत्तर देऊ शकतो ते त्याने आधीच लिहून ठेवले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यास पूर्वीच ठाऊक आहे तो परीक्षकाचा प्रश्न होय, संवाद नव्हे. आणि परीक्षकाच्या धंद्यात आम्ही जन्म घालविला असल्यामुळे हा भेद आम्ही थोड्याशा अधिकाराने सांगू शकतो.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीने २०२० साली प्रसिद्ध केलेला ‘राजी’ हा खेळ घ्यावा. असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी नावाची मुलगी ही त्याची नायिका. महालांची व मंदिरांची रचना, भिंतींवरील पौराणिक चित्रे, कळसूत्री छायाबाहुल्यांच्या धर्तीवर सांगितलेला कथाभाग, हे सारे पाहून आपल्या परंपरेतून हे माध्यम किती सौंदर्य उचलू शकते याची खात्री पटते. परकी उसनवारी करून भागविण्यापेक्षा हा मार्ग शतपटीने श्लाघ्य होय. तरीही टीकाकाराचे कर्तव्य म्हणून एक उणीव सांगितली पाहिजे. या खेळात हाताला जे काम आहे ते मुख्यत्वे उड्या मारण्याचे व शस्त्र चालविण्याचे. आणि जेथे पुराणकथा उलगडते, त्या भित्तिचित्रांपाशी खेळणाऱ्याने नुसते ऐकावयाचे. म्हणजे जेथे संवाद आहे तेथे अर्थ थोडा, व जेथे अर्थ आहे तेथे संवाद नाही. हा दोष एकट्या ‘राजी’चा नव्हे, आजच्या बहुतेक कथाप्रधान खेळांचा आहे. हातास गुंतविणे त्यांस साधले. मनाकडून उत्तर घेणे अद्याप साधावयाचे आहे.

आता कोणी म्हणेल की, पूर्ण संवाद कोणत्याच रचलेल्या कलाकृतीस शक्य नाही. तसे असते तर आम्ही हा लेख येथेच संपविला असता. परंतु नर्सीच्या नामदेवांपासून चालत आलेले कीर्तन डोळ्यांपुढे आणावे. अभंग ठरलेला, चाली ठरलेल्या, मृदंगाचे ठेके ठरलेले. तरी कोणतेही दोन प्रयोग सारखे होत नाहीत. कीर्तनकार चरण सोडतो, मागे उभे असलेले टाळकरी तो उचलतात; समोरच्या बायाबापड्यांचे डोळे कोठे पाणावले, पोरे कोठे चुळबुळू लागली, हे पाहून तो दृष्टांत लांबवितो किंवा आवरतो. तमाशातील सोंगाड्याही बतावणीत समोरच्याचा शब्द झेलून तो तेथल्या तेथे परतवीत असे. येथे फाटे मोजून ठेवलेले नाहीत. श्रोत्याच्या मुद्रेतून नवा फाटा त्याच क्षणी फुटतो. १०२४ शेवट आधी लिहून ठेवण्याची गरज पडत नाही, कारण सांगणारा स्वतः जिवंत आहे.

परंतु या परंपरेच्या अभिमानात तिच्यावरील डाग झाकणे बरे नव्हे. आख्यायिका पुन्हा वाचावी. देऊळ फिरले ते ज्यास दारातून उठविले त्याच्याकडे. म्हणजे कोणाशी संवाद करावयाचा व कोणाशी नाही, हे त्या दारात आधीच ठरलेले होते. चोखोबांस पंढरीच्या देवळात प्रवेश नव्हता, आणि तेथील दार हरिजनांस उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. सहा शतके एवढा काळ लोटला तेव्हा कोठे ते देऊळ फिरले! नव्या माध्यमांचा दरवाजा कोणाची जात विचारीत नाही, हा त्यांचा गुण मोठा आहे व तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. तो दरवाजा पैसा, इंग्रजी आणि जागोजाग चालणारी वीज मात्र विचारतो. म्हणून येथेही बाहेर उभे राहणारे लोक आहेतच.

विज्ञानाकडे वळताच हा प्रश्न अधिक तीव्र होतो. फ्रँक ओपेनहायमर या पदार्थवैज्ञानिकाने १९६९ साली सॅन फ्रॅन्सिस्को येथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ काढले व वस्तुसंग्रहालयातील ‘हात लावू नये’ ही पाटी उलटी फिरविली. राजकीय संशयापायी विद्यापीठांची दारे बंद झाल्यावर या गृहस्थाने खेड्यातील शाळेत मुले शिकविली होती. हाताने केल्यावाचून मूल शिकत नाही, हे ज्ञान त्यास तेथे पटले. मुंबईस वरळी येथे १९८५ साली उघडलेले नेहरू विज्ञान केंद्र याच विचाराचे अपत्य होय. विचार उत्तम, पण तो आचरणात येताना पुष्कळदा त्याची कळ होते. विज्ञानाच्या प्रदर्शनांतून मुले एका कळीवरून दुसरीकडे धावताना कोणीही पाहिली असतील. दिवा लागला, चक्र फिरले, की पुढे! काय झाले ते त्यांनी पाहिले. आपण दुसरे काही केले असते तर काय झाले असते, हे विचारण्यास वाव नव्हता. याच्या उलट अरविंद गुप्ता यांची खेळणी पाहावीत. आगकाडीचे तुकडे व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी भूमिती उभी केली. पुण्याच्या आयुका संस्थेत राहून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी रचली व त्यांची कृती सर्वांस मोफत दिली. त्यांत वीज नाही, पडदा नाही; परंतु मूल ते खेळणे मोडू शकते, मोडून निराळे करू शकते, आणि ते निराळे रूप गुप्ता यांसही अपरिचित असू शकते. आमच्या मते संवादी माध्यमाचा कस येथे लागतो. घेणारा ते बदलू शकतो काय?

आणि आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ; कारण नागनाथापासून जवळच, दुधाळा येथे, जगातील अत्यंत सूक्ष्म श्रवण करणारे यंत्र उभारले जावयाचे आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’ वेधशाळांनी गुरुत्वलहरी प्रथम टिपल्या. त्यांच्याच धर्तीवरील भारतीय वेधशाळेस केंद्र सरकारने २०१६ साली तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. त्यांत मागेपुढे धावणारे प्रकाशकिरण. आणि दूरच्या कृष्णविवरांच्या मीलनाने त्या भुजांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही लहान, असा फरक. इतका हळवा कान असला म्हणजे नको ते आवाजही त्यात शिरतात. हॅनफर्ड येथील वेधशाळेत २०१७ साली उमटलेल्या काही खुणांचा माग काढता असे आढळले की, तहानलेले डोमकावळे थंड नळीवर जमलेल्या बर्फास चोची मारीत होते! इसापाचा कावळा विश्वाच्या कानापर्यंत पोहोचला तो असा.

या नको त्या आवाजांची वर्गवारी करण्यासाठी २०१६ साली ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ नावाचा उपक्रम सर्वांस खुला करण्यात आला. यंत्राने काढलेली ध्वनिचित्रे पाहावयाची व ती कोणत्या वर्गात बसतात ते सांगावयाचे. त्यात शाळेतील मुले आली, निवृत्त मंडळी आली, पदार्थविज्ञानाशी काडीचा संबंध नसलेले लोक आले. आणि मग विशेष गोष्ट घडली. शास्त्रज्ञांनी आखून दिलेल्या कोणत्याच वर्गात न बसणारी चित्रे या हौशी मंडळींनी वेगळी काढली. कबुतरांच्या जोडीवरून नाव पडलेला एक वर्ग अशा रीतीने शास्त्रज्ञांच्या यादीत नव्याने दाखल झाला. किनोआऊटोमाटच्या प्रेक्षकास हिरवी किंवा लाल एवढेच म्हणता येत होते. येथील प्रेक्षकाने ‘दोन्ही नव्हे, हे तिसरेच आहे’ असे म्हटले, आणि ते मानले गेले. कलेस व करमणुकीस जे अद्याप क्वचितच साधले, ते विज्ञानाने येथे करून दाखविले. देऊळ फिरले म्हणतात ते याला.

म्हणूनच दुधाळ्याविषयी आम्हांस आस्था आहे व थोडी काळजीही आहे. त्या माळावर उभे राहणारे यंत्र ज्यांच्या शेजारी असेल, त्या लोकांचे त्याच्याशी नाते कोणते राहणार? कुंपणाबाहेरून बोट दाखवून ‘तेथे काहीतरी मोठे चालते’ असे पोरांस सांगणाऱ्यांचे, की त्यात हात असणाऱ्यांचे? एखादे प्रेक्षागृह बांधून त्यात चार कळा बसविल्या म्हणजे कर्तव्य संपले, असे कोणी समजू नये. त्या परिसरातील शाळकरी मुलीपुढे त्या यंत्राची खरी ध्वनिचित्रे मराठी भाषेत यावीत, आणि ‘हे तुमच्या यादीत बसत नाही’ असे म्हणण्याची तिला मुभा असावी. भुईमुगाच्या शेतातून जाणारा ट्रॅक्टर, पहिल्या पावसाची सर, यात्रेचा दिवस, यांच्या खुणा ओळखण्यात तिच्याइतका अधिकारी जाणकार बाहेरून आणता येणार नाही. यास फार खर्च लागत नाही. लागतो तो फिरण्याचा निश्चय.

शेवटी त्या माध्यमाविषयी, जे आजच सर्वांच्या मुठीत आहे. मोबाईलचा पडदा आपल्याकडे फिरत नाही असे कोण म्हणेल? तो क्षणोक्षणी फिरतो. आपण कोठे थबकलो, काय दोनदा पाहिले, हे ध्यानात ठेवून तो तसेच आणखी आणून पुढे मांडतो. तेव्हा आमची कसोटी येथे उतरली असे कोणी म्हणेल. परंतु येथे तीच कसोटी उलट्या बाजूने लावली पाहिजे. जोसेफ वायझेनबाउम याने १९६६ साली ‘एलायझा’ नावाचे संभाषणयंत्र जगापुढे मांडले. ते माणसाचीच वाक्ये थोडी फिरवून प्रश्नरूपाने परत करी. तरी, हे यंत्र आहे हे ठाऊक असलेल्या त्याच्या लेखनिक बाईंनी, आपणांस त्याच्याशी एकांतात बोलावयाचे आहे म्हणून त्यालाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. वायझेनबाउम हादरला, आणि ते योग्यच होते. प्रतिध्वनीस प्रतिसाद समजण्याची आपली हौस अशी दांडगी आहे. जे नेहमी आपल्याकडेच तोंड करून असते ते फिरले असे म्हणता येत नाही. तो आरसा होय. त्यातून आरशाच्या मागे दुकानदार बसलेला असेल, तर आपण किती वेळ पाहत उभे राहतो हे तो मोजणारच.

या भेदाची ओळखही औंढ्यानेच करून दिली आहे. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली व नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा प्रसिद्ध आहे. त्यानंतर ते विसोबा खेचरांकडे औंढ्यास आले. पाहतात तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी रागाने पाय काढा म्हटले. विसोबा म्हणाले, देव नसेल तेथे तूच उचलून ठेव. जेथे जेथे ठेवावेत तेथे तेथे लिंग! म्हणजे ज्या गावी देऊळ नामदेवांकडे फिरले असे सांगतात, त्याच गावी नामदेवांसही फिरावे लागले. लोकांनी दोन्ही कथा जपल्या, एकच ठेवून दुसरी टाकली नाही, हे त्यांचे शहाणपण होय. ज्या माध्यमापुढे आपण काहीही केले तरी ते बदलत नाही, तो चकवा. आणि जे आपल्यासाठी सदैव बदलते पण आपणांस कधी कच्चे म्हणत नाही, तो आरसा. या दोहोंच्या मध्ये जे काही उरते तेवढ्यासच आम्ही संवादी म्हणू, मग ते आगकाडीचे असो, की ४ किलोमीटर लांबीचे असो.